मोजपट्टी कोणाच्या हातात?

डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने एक निकाल जाहीर केला. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे वाचन, गणित आणि विज्ञान तपासणारी जी आंतरराष्ट्रीय चाचणी ‘पिसा’ या नावाने ओळखली जाते, तिच्या विस्तारित फेरीत भारताच्या वतीने तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली होती. शिक्षणाच्या बाबतीत ज्यांचे दाखले इतर राज्यांना दिले जातात अशी ही राज्ये. ती यादीच्या अगदी तळाशी, किर्गिझस्तानच्या शेजारी जाऊन बसली. वाचनाची किमान पातळी गाठणारे विद्यार्थी तामिळनाडूत शेकडा १७ आणि हिमाचलात शेकडा ११ निघाले. संघटनेच्या सदस्य देशांत हेच प्रमाण सरासरीने शेकडा ८१ होते.

असा निकाल हाती आल्यावर एखाद्या लोकशाही सरकारने शाळेची, शिक्षकाची आणि पाठ्यपुस्तकाची जाहीर चौकशी आरंभली असती. दिल्लीने निराळा मार्ग पत्करला. प्रश्न भारताच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीशी सुसंगत नव्हते, असे कारण पुढे करण्यात आले आणि चाचणीकडेच पाठ फिरवण्यात आली. २०१२, २०१५ आणि २०१८ या तिन्ही फेऱ्यांत भारत नव्हता. २०१९ साली पुन्हा करार झाला, परंतु या वेळी उतरवायचे ठरले ते चंडीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांना. प्रश्न बदलता येत नाहीत, तर मुलेच बदलावीत, असा हा हिशेब होता. ती फेरी महामारीमुळे २०२२ वर गेली आणि तिच्यातही भारत अखेर उतरला नाहीच.

संस्कृतीचे कारण खोटे असते तर ते खोडून काढणे सोपे होते. पंचाईत अशी की, ते खरे आहे. एका समाजात घडवलेली कसोटी दुसऱ्या समाजातील मुलाला जशीच्या तशी लावली, तर ती मुलाचे ज्ञान न मोजता दोन समाजांमधले अंतर मोजते, हे शिक्षणशास्त्राला निदान साठ वर्षे ठाऊक आहे. या सत्याचा खरा उपयोग मुलाला न्याय देण्यासाठी व्हायला हवा होता. तो राज्यकर्त्यांची अब्रू झाकण्यासाठी झाला. म्हणूनच शैक्षणिक संशोधनाच्या पद्धती संस्कृतीनुसार बदलाव्यात की नाही, हा प्रश्न विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत कोंडून ठेवण्याजोगा राहिलेला नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे. मोजपट्टी कोणी बनवायची, ती कोणाला लावायची आणि मोजून आलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा गाभा आहे.

भाषांतर म्हणजे रूपांतर नव्हे

या विषयाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली ती, शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि कायमची असते, हा विचार बिने यांना मान्य नव्हता. १९१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी तिची जी आवृत्ती काढली, तिच्यात मदतीचे साधन प्रतवारीचे साधन बनले. भारतात ही श्रेणी आली ती प्रतवारीच्या वाटेने. लाहोरच्या सी. हर्बर्ट राइस यांची हिंदुस्तानी आवृत्ती १९२९ साली निघाली. मराठी व कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलेली ‘मुंबई-कर्नाटक’ आवृत्ती त्यांच्या १९४० च्या ग्रंथातून पुढे आली.

या मंडळींचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परका प्रश्न येथील मुलांवर पारखून घेतल्याशिवाय वापरू नये, हा दंडक त्यांनी घालून दिला. परंतु पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या श्रमांचा वारसा घेण्याऐवजी एक पाककृती तेवढी उचलली. परदेशी प्रश्नावली घ्यावी, डॉलरच्या जागी रुपया आणि जॉनच्या जागी रमेश घालावा, मराठीचे पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहावे, शहरातील एखाद्या सोयीच्या शाळेत शेदोनशे मुलांकडून ती भरून घ्यावी, विश्वसनीयतेचा गुणांक काढावा आणि प्रबंध सादर करावा. याला ‘भारतीय परिस्थितीशी अनुकूलन’ असे भारदस्त नाव आहे. विश्वसनीयता म्हणजे तीच कसोटी पुन्हा लावली असता तेच उत्तर येणे. वाण्याचे खोटे मापही रोज तेवढेच खोटे माप देते. त्या अर्थाने तेही विश्वसनीयच म्हणायचे. जे मोजतो असे आपण म्हणतो, तेच आपण मोजतो काय, हा दुसरा आणि खरा प्रश्न. तो या पाककृतीत बसत नाही. मापात पाप असते ते नेमके येथे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ‘पिसा’ची भाषांतराची व्यवस्था आपल्या बहुतेक प्रबंधांपेक्षा कितीतरी काटेकोर आहे. इंग्रजी व फ्रेंच अशा दोन मूळ संहिता, दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ आणि बाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी, एवढ्या चाळण्यांतून तिचे प्रश्न जातात. तरीही भाषा समान केली म्हणून जीवन समान होत नाही. शब्द समजला, परंतु तो प्रश्न विचारण्याची रीतच अनोळखी असली, तर मूल अडते.

बाजारातले गणित आणि कागदावरचे गणित

ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालूसिया श्लीमान या संशोधकांनी केलेला एक छोटा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर व बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांकडे ते गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या एका मुलाला त्यांनी दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोंना. मुलाने तिनाचे १०५ धरले, त्यात आणखी तिनाचे मिळवून २१० केले, आणखी तीन घेऊन ३१५ आणि उरलेल्या एकाचे ३५ घालून ३५० सांगितले. शाळेत शिकवलेला, दहाने गुणताना शून्य देण्याचा नियम त्याने वापरलाच नाही, आणि उत्तर चुकले नाही. बाजारात विचारलेल्या अशा प्रश्नांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. पुढे त्याच मुलांना त्याच प्रकारची गणिते कागद-पेन्सिल देऊन घातली. शाब्दिक उदाहरणांत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ७४ च्या आसपास उतरले आणि नुसत्या आकड्यांच्या उदाहरणांत ते शेकडा ३७ वर आले. संशोधक कागद घेऊन प्रथम शाळेत गेले असते, तर या मुलांना गणित येत नाही असाच त्यांचा अहवाल झाला असता.

पाच मुलांवरून सिद्धान्त काढू नये, असा आक्षेप त्यावर घेता येत होता. तो आता उरलेला नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला आणि २०२५ च्या प्रारंभी तो ‘नेचर’ या नियतकालिकात आला. बाजारातील मुलांनी गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी बिनचूक केले, परंतु शाळेच्या रीतीने मांडलेली साधी गणिते त्यांना जड गेली. याच अभ्यासाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. जवळच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचीही पाहणी करण्यात आली. कागदावरची सोपी गणिते या मुलांनी अधिक चांगली सोडवली. पण काम करणाऱ्या मुलांपैकी तिघांमागे एकाहून अधिकांनी सोडवलेले बाजारातले एक उदाहरण शाळेतील मुलांपैकी शेकडा एकालाच सुटले.

म्हणजे शाळेची कसोटी बाजारातल्या मुलावर अन्याय करते आणि शाळेतल्या मुलाविषयी खोटे समाधान देते. मोजण्याची पद्धत एकच असेल, तर दोन्ही गोष्टी नजरेआड राहतात. यावरून बालमजुरी हीच उत्तम शाळा, असा निष्कर्ष कोणी काढू लागला तर त्याला वेळीच रोखले पाहिजे. नारळाचा हिशेब करणाऱ्या मुलाला बीजगणितही शिकायचे आहे आणि तो त्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच की, बीजगणिताच्या दारात तो रिकाम्या हातांनी उभा आहे असे समजणाऱ्या शाळेने आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहावे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात धारावीतील घरगुती उद्योगांना हातभार लावणाऱ्या मुलांच्या गणिताचा असा अभ्यास झाला आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला मानाचे स्थान मिळायला हवे.

विचारणारा कोण?

प्रश्न कोणता, याहून तो कोण विचारतो याला कधी कधी अधिक महत्त्व असते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात सारी अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण त्या प्रदेशात आहे, तर तेथील अस्वलाचा रंग कोणता, असे त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना विचारले. आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणार नाही, अशा धर्तीची उत्तरे मिळाली. अमूर्त विचाराचा अभाव, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. हे निष्कर्ष पुस्तकरूपाने बाहेर पडायला १९७४ साल उजाडावे लागले. परंतु ते काही आरामशीर गप्पांचे दिवस नव्हते. सामुदायिक शेतीची सक्ती चालू होती. शहरातून आलेल्या अनोळखी माणसाला, जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याबद्दल साक्ष देणार नाही, असे सांगणारा शेतकरी अमूर्त विचारात कच्चा होता की व्यवहारात पक्का होता? समाजवादाच्या भूमीवर, समाजवादावर श्रद्धा असलेल्या संशोधकाच्या हातूनही हा प्रश्न निसटला, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाल्यानंतर, जमीन किती, या पाहणी करणाऱ्याच्या प्रश्नाला जे उत्तर मिळते त्यात कायद्याची भीती मिसळलेली असते, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवावे लागत नाही. नमुना पाहणीचे शास्त्र अशा उत्तरांकडे सावधपणे पाहते. मग शाळेतल्या मुलाच्या मौनाकडे तितक्याच सावधपणे का पाहिले जात नाही? बाहेरगावचा साहेब वर्गात येतो, हातात छापील कागद असतो, शिक्षक बाजूला चिंताक्रांत उभे असतात आणि मूल गप्प बसते. तक्त्यात त्याच्यासमोर शून्य पडते.

शाळेच्या प्रश्नाची जातच निराळी आहे. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न घरात किंवा शेतात सहसा कोणी विचारत नाही. म्हैस कुठे आहे, असे वडील विचारतात ते म्हैस सापडत नसते म्हणून. अमेरिकेच्या दक्षिण भागातील श्रमिक वस्त्यांचा दीर्घ अभ्यास करून शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद दाखवला. काही घरांत मुलाला लहानपणापासून चित्रे दाखवून ‘हे काय?’ असे विचारण्याचा परिपाठ असतो, काही घरांत नसतो. पहिल्या घरातले मूल शाळेची रीत पाठ करूनच शाळेत येते. त्याला जे जास्तीचे गुण मिळतात ते घराचे असतात. बुद्धीच्या खात्यावर ते चुकून जमा होतात. आपल्याकडे लिहित्या-वाचत्या जातींच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या हे व्याज मिळत आलेले आहे, आणि त्यालाच गुणवत्ता म्हणण्याची पद्धत आहे.

जोसेफ ग्लिक यांनी नोंदवलेली लायबेरियातील एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पेल्ले जमातीच्या शेतकऱ्यांपुढे काही वस्तू ठेवून, एकत्र शोभतील अशा लावा, असे सांगितले असता ते कंदाबरोबर सुरी ठेवत, कारण सुरीने कंद कापतात. शहाणा माणूस असेच करील, असे ते म्हणत. वैतागून संशोधकाने विचारले, मूर्ख माणूस कसे करील? तेव्हा त्यांनी खाद्यपदार्थ एकीकडे आणि अवजारे एकीकडे, अशी पाठ्यपुस्तकातली वर्गवारी तत्काळ करून दाखवली. जे येत नाही असे मानले होते ते येतच होते. संशोधकाची वर्गवारी त्यांच्या लेखी मूर्खाची होती, एवढेच.

टोपली बदला, भूक तीच आहे

एवढे ऐकून काही सज्जन दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक संस्कृती आपापल्या जागी पूर्ण आहे, तुलना हाच अन्याय आहे, आदिवासी मुलाला अपूर्णांकांची आणि प्रमाण भाषेची गरजच काय, असे ते म्हणू लागतात. ही सहानुभूती फार स्वस्त आहे. तिच्यात मुलाला फी नाही, शिक्षकाला पगार नाही आणि सरकारला खर्च नाही. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळांत आणि परदेशी विद्यापीठांत जातात, त्यांच्याच तोंडी ती अधिक ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय परंपरेत रुजलेले शिक्षण’ हा शब्दप्रयोग सर्वत्र कानावर पडतो. त्यातील परंपरा एकवचनी असते. ती गोंडाची आहे, कोरकूची आहे, की धारावीतल्या कारागिराची, हे सांगितले जात नाही.

अर्थशास्त्रात या पेचाला एक जुने उत्तर आहे. औद्योगिक कामगार आणि शेतमजूर यांच्यासाठी महागाईचे निर्देशांक भारतात कित्येक दशके वेगवेगळे काढले जातात, कारण दोघांच्या बाजाराच्या टोपलीत तेच जिन्नस त्याच प्रमाणात नसतात. गिरणी कामगाराच्या टोपलीने शेतमजुराची महागाई मोजली तर ती चुकेल, हे सर्वांना मान्य आहे. परंतु टोपली वेगळी म्हणून शेतमजुराला भूक कमी लागते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. संशोधन पद्धतीचे रूपांतर करायचे ते या अर्थाने. प्रश्नाची भाषा, त्यातील वस्तू, विचारण्याची जागा, विचारणारा माणूस आणि उत्तर देण्याची रीत ही टोपली आहे. ती गावोगाव बदलली पाहिजे. वाचता यावे, हिशेब करता यावा, कारण शोधता यावे, सत्तेला प्रश्न विचारता यावा, ही भूक आहे. ती पॅरिसच्या मुलाची आणि पेठ तालुक्यातल्या मुलाची एकच आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात हीच दुहेरी मागणी होती. रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय असावेत, म्हणजे शिक्षण रयतेच्या जीवनाला जुळावे, असे त्यांनी सांगितले. त्याच निवेदनात किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असेही बजावले. शिक्षणाचा आशय रयतेला जुळवून घेताना रयतेचा दावा त्यांनी तसूभरही खाली येऊ दिला नाही.

घरच्या मातीतल्या पद्धती

हे सारे बोलायला ठीक, प्रत्यक्षात कसे करायचे, असे विचारणाऱ्यांसाठी दाखले येथलेच आहेत. ‘असर’ ही पाहणी ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली सुरू केली. छापील प्रश्नपत्रिका शाळेत वाटली तर ज्याला वाचताच येत नाही त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि जे मूल शाळेत आलेच नाही ते हिशेबातूनच गळते. म्हणून ‘असर’ने मुलाला त्याच्या घरी गाठले, एकेकट्याला बसवले आणि तोंडी तपासले: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. दर जिल्ह्यात ३० गावे आणि दर गावात २० घरे. साधन इतके साधे की, आईबापांनाही समोर काय चालले आहे ते दिसावे. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले शेकडा ४८.८ होती. येथे परक्या संस्कृतीचे निमित्त सांगायला जागा नाही. मजकूर आपल्याच दुसरीचा, भाषा आपल्याच शाळेची आणि ठिकाण मुलाचे स्वतःचे घर. पॅरिसच्या कसोटीवर ढकललेले अपयश घरच्या कसोटीवरही दिसते, याचा अर्थ ढालीमागे जे लपवले होते ते जागच्या जागी आहे.

‘असर’लाही मर्यादा आहेत. तिचे मोजमाप मूलभूत वाचन-गणितापुरते आहे, आणि ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी आहे त्या मुलाचे शून्य, वाचनाचे की भाषेचे, हे तीतून सहज उकलत नाही. या दुसऱ्या प्रश्नाकडे महाराष्ट्रात फार पूर्वी लक्ष गेले होते. होमी भाभा केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात खिरोद्यासारख्या ग्रामीण भागात आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. विज्ञान कठीण जाते असे समजले जात होते तेथे अनेकदा पुस्तकाची संस्कृतप्रचुर भाषाच आड येत होती, हे त्यांनी दाखवून दिले.

याहून मोलाचा दाखला पुणे जिल्ह्यातला आहे. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून तेथील खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. त्यांत दिवसभर राबणाऱ्या मुलींचा भरणा मोठा होता. त्यांना काय आले हे तपासायचे कसे? परीक्षेचे नाव काढले की मुली यायच्या बंद होणार. तेव्हा ‘बालजत्रा’ ही कल्पना निघाली. आसपासच्या गावांतली मुले एकत्र जमत, खेळ, गाणी, गोष्टी चालत आणि त्या आनंदाच्या ओघातच प्रत्येकाचे वाचन, लेखन, हिशेब पाहिले जात. जत्रा ही गावाला परकी नव्हती, मूल्यमापन तिच्या अंगाखांद्यावर बसून आले. मुलाला काय येते हे त्याच्या गावाने डोळ्यांनी पाहिले. संस्कृतीनुसार पद्धत बदलणे म्हणजे काय, हे सांगायला परदेशी ग्रंथ उघडण्यापूर्वी आपल्या विद्यापीठांनी हा प्रयोग अभ्यासक्रमात घेतला असता तर बरे झाले असते.

ढाल कोणासाठी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पॅरिसमध्ये जे राज्य संस्कृतीची ढाल पुढे करते, तेच आपल्या हद्दीतील लहान संस्कृतींशी कसे वागते? २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक पाहणी २२ माध्यमांत झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत, परंतु या दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. नंदुरबारचे भिल्ल मूल, मेळघाटचे कोरकू मूल आणि गडचिरोलीचे गोंड मूल यांची परीक्षा प्रमाण मराठीतच होते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने २०१५ नंतर ‘अप्रगत’ हा शब्द शिक्षकांच्या नित्याच्या बोलण्यात आणला. २०२३ साली राज्य शासनाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. तीत आणि पुनर्परीक्षेतही नापास होणारे मूल त्याच वर्गात राहणार. पॅरिसची चाचणी चुकली तर देशाचा क्रमांक खाली जातो. येथली चुकली तर एका मुलाचे वर्ष जाते, आणि आदिवासी पाड्यावर वर्ष गेले की पुष्कळदा शाळाही जाते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मातृभाषेतून शिक्षण हे २०२० च्या धोरणाचे ब्रीद. त्या ब्रीदाला प्रत्यक्षात आणणारे हे एक खेडे. २०२२ मध्ये तिला मान्यता नसल्याचे कारण देऊन ती बंद करण्याची नोटीस आली. परक्या प्रश्नपत्रिकेमुळे आमच्या मुलांवर अन्याय होतो, ही देशाची तक्रार प्रामाणिक असती, तर तीच तक्रार मोहगावने केली तेव्हा ती ऐकून घेण्याची बुद्धी झाली असती.

यातून निघणाऱ्या मागण्या अवघड नाहीत. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाची तपासणी आधी त्याच्या भाषेत तोंडी व्हावी, आणि तशी झाल्यावाचून कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये. गोंडी, भिली, कोरकू, कोलामी या भाषांतील कसोट्या तयार करण्याचे काम विद्यापीठे, त्या त्या समाजातील शिक्षक आणि ग्रामसभा यांना मिळून सोपवावे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी. सरकारी पाहण्यांची मूळ माहिती, मुलांची नावे वगळून, सर्वांना खुली करावी. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी परकी प्रश्नावली भाषांतरित करून भरून घेण्याऐवजी एखाद्या वस्तीवर वर्षभर राहून मुलांचे शिकणे पाहण्यास प्राधान्य द्यावे. आणि ‘पिसा’ची पुढची फेरी येईल तेव्हा भारताने निवडक शाळा पुढे न करता साऱ्या मुलांचा नमुना घेऊन तीत उतरावे. त्या चाचणीचे दोष पुराव्यानिशी दाखवावेत, आणि तिच्यातून जे खरे दिसेल ते गिळूनही घ्यावे.

या शेवटच्या मागणीने काही मित्रांना धक्का बसेल. श्रीमंत देशांच्या संघटनेने केलेली मोजणी समाजवाद्यांनी का मान्य करावी? कारण आकडा दडवल्याने गरिबाचे कधीही भले झालेले नाही. दुष्काळाचे, कुपोषणाचे आणि बेकारीचे आकडे दडवणाऱ्या राजवटींविरुद्धच ही चळवळ वाढली आहे. मुलाच्या संस्कृतीचा मान राखायचा असेल तर त्याला विचारायचा प्रश्न त्याच्या ओसरीवर, त्याच्या भाषेत आणि त्याच्या माणसांदेखत विचारा. त्याचे जे उत्तर येईल ते मात्र राज्यकर्त्यांना ऐकवा, आणि ते ऐकून काय केले याचा जाब मागा.